एका गाडीचं महाविद्यालय

"पाटी बदलल्याशिवाय मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही," असं म्हणून मास्तरांची आई भर रस्त्यात उभी राहिली.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी चालवायला शिकवलं होतं आणि घरचीच विद्यार्थिनी हटून बसली होती. बाबांची नजर अधू झाल्यापासून त्यांची गाडी दारात धूळ खात होती आणि बाबा घरात. मास्तरांचा दिवस शिकवण्यात जायचा; आता बाबांना कुठे फिरवून आणेल तर आईच. पण मास्तरांच्या पाटीवर लिहिलं होतं, 'मोटार ड्रायव्हिंग स्कूल'.

"शाळा मी पूर्ण केलीय, पहिल्या नंबरानं," आई म्हणाली. "पुढे भावंडं सांभाळायला घरी बसवलं, म्हणून काय परत शाळेत घालतोस मला? कॉलेज असेल तर येते."

शेवटी पेंटरला बोलावलं. "एका गाडीचं महाविद्यालय?" तो शिडीवरून खो खो हसला, पण अक्षरं काढली मोठी झोकात.

दुसऱ्या दिवशी आई नवी वही घेऊन हजर. क्लच, ब्रेक, गिअर, सगळं लिहून घ्यायची. गाडी इतकी हळू चालवायची की पुढे गेलेले सायकलवाले वळून बघायचे. वर मास्तरांना 'सर' म्हणायची, पोटच्या पोराला! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण बाई जिद्दीची. यथावकाश लायसन्स हातात पडलं. आता एकच तास उरला होता, गाडी मागे घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावायचा. आई नेमकी त्यातच कच्ची होती.

त्या तासाला ती आलीच नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली. घरी फोन कोणी उचलेना. मास्तर धावत घरी गेले, तर दाराला कुलूप आणि बाबांची गाडीही जागेवर नाही.

गाडी सापडली चौकातल्या आइस्क्रीमच्या दुकानापुढे. दोन गाड्यांच्या मधे, मागे घेऊन, अगदी एका सुतात लावलेली. आत बाबा शर्टावर आइस्क्रीम सांडत बसले होते, कितीतरी महिन्यांनी खुशीत.

"आई! तास होता ना तुझा?" मास्तर ओरडले.

"ठाऊक आहे, सर," आई स्टिअरिंगमागे कोन चाटत म्हणाली. "कॉलेजचा तास बुडवायला चाळीस वर्षं थांबलेय मी."