वेडीची चादर

"आणि ही चादर बघा," वायनरीचा गाइड म्हणाला, तशा सगळ्यांनी ग्लास खाली घेऊन माना वर केल्या. लाकडी पिंपांच्या वर, दोन खुंट्यांना एक जाड पांढरी चादर टांगली होती. शेजारच्या खिडकीतून उन्हात चमकणारं तळं दिसत होतं.

"दारूबंदीचा काळ. मालक भर दिवसा होडीतून वाइनची पिंपं आणायचे-न्यायचे. एकदाही सापडले नाहीत. आणि काठावर एक वेडी धोबीण. रोज तीच चादर धुवायची, तीच वाळत घालायची. पोलीससुद्धा हसायचे तिला. मालकांनी आठवण म्हणून ठेवलीय."

"साबण कोण पुरवायचं बाईंना?" एका पाहुण्याने विचारलं. हशा पिकला.

पाहुण्यांत आईबरोबर आलेली एक तरुणी होती. तिने कडेवरच्या लेकीची मूठ तिसऱ्यांदा ग्लासवरून सोडवली आणि आईकडे पाहिलं. आई पर्सचा पट्टा खांद्यावर नीट करत होती. बँकेत, दवाखान्यात, आईने पट्टा नीट केला की पुढे काय होतं ते तिला पाठ होतं.

"आई, चल ना बाहेर. पिल्लू कंटाळलंय."

"ती नाही कंटाळली. तू घाबरलीयेस." आई पुढे झाली. "अहो, हिची मागची बाजू बघितलीत कधी?"

"मागे काय असणार, काकू?"

"हिरवं ठिगळ. टाके वाकडे असतील. शिवलं तेव्हा नऊ वर्षांची होते मी, सरळ कसे येणार?"

गाइड स्टुलावर चढला. कोपरा उलटला. बराच वेळ बोटं फिरवत राहिला.

"ठिगळ आहे. पण चादर कुठे फाटलेलीच नाहीये."

"नव्हतीच फाटलेली. ठिगळ तळ्याकडे, म्हणजे पोलीस आलेत, होडी लव्हाळ्यात थांबवा. ठिगळ मागे, म्हणजे खुशाल या. लांबून माणूस ओळखू येत नाही, रंग येतो." आईने आवाज चढवला नव्हता. "मालक शूर होते, नाही कोण म्हणतंय? पण वल्हं मारायचे ते माझ्या आईकडे बघून."

साबणवाल्या पाहुण्याने ग्लास हळूच पिंपावर ठेवला.

आजी लोकांची धुणी धुवायची, एवढंच तिला माहीत होतं. तेही तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"काकू, उलटून लावतो," गाइड स्टुलावरूनच म्हणाला. "ठिगळ दिसू दे सगळ्यांना."

"नको. ठिगळ दिसलं की माणसं पाण्यातच थांबायची. आता येऊ द्या. फक्त तिला वेडी म्हणू नका."

तिने लेकीला कडेवरून उचललं आणि दोन्ही हातांनी उंच धरलं. इवल्याशा मुठीत चादरीचा काठ आला.

ही मूठ तिने सोडवली नाही.