खडपाच्या खुणा

सायबर कॅफेतला कप्पा एका माणसापुरताच होता. रिचेलने पप्पांना, सेबॅस्टियनला, खुर्चीवर बसवले आणि ती प्लायवूडच्या फळीला टेकून उभी राहिली. सेबॅस्टियनने चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

"काका, चपला घालून या की. देऊळ नाय हे," कॅफेवाला विघ्नेश टेबलामागून म्हणाला.

"आमी तर चर्चमधे पन घालून जातो. तुझी लादी चकचकीत दिसली म्हनून काडल्या."

भांगाचे दिवस होते. पाण्याला ओढ नव्हती, म्हणून होडी पाचूबंदरच्या किनाऱ्याला लागलेली. नाहीतर शनिवारी दुपारी पप्पा सापडलेच नसते.

"वाचा. सगळं मी लिहिलंय," रिचेल म्हणाली.

पडद्यावर इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचे पान होते, 'पाचूबंदरची मासेमारी'. तिथे कुणीही लिहू शकते, हे तिला कॉलेजात कळले होते. मग महिनाभर शंकांनी तिला झोपू दिले नाही. आपले शुद्धलेखन चालेल का? बारावीतल्या मुलीने लिहिलेले कुणी ठेवील का? बुधवारी धीर करून तिने पान चढवले. आज चौथ्या दिवशीही ते जागेवर होते.

सेबॅस्टियन चौथी शिकलेला. काचेवर बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागला. होडीचे भाग झाले. जाळ्यांचे प्रकार झाले. "बराबर लिवलंस," तो मधेच हसून म्हणाला. मग बोट थांबले.

'समुद्रात जागा ओळखण्यासाठी जमिनीवरच्या खुणा एका रेषेत धरतात. उदाहरणार्थ, घोळ मासा मिळणाऱ्या पाण्याखालच्या एका खडपाच्या, म्हणजे खडकाळ जागेच्या, खुणा अशा: चर्चचा उजवा मनोरा जोडमाडांच्या मधोमध, आणि तुंगार डोंगराची खिंड किल्ल्याच्या पडक्या बुरुजावर.'

त्याने ते पुन्हा वाचले.

"ह्ये कुटून घेतलंस?"

"घरातूनच. आजोबा रोज रोझरीच्या प्रार्थनेनंतर या खुणा आमच्याकडून म्हणून घ्यायचे ना? हात जोडलेलेच असायचे."

"मंग?"

"मग काय? मला वाटलं, सगळ्यांच्याच घरी म्हणतात. बाकीच्या प्रार्थना सारख्याच असतात की."

सेबॅस्टियनने फळीच्या वरून पलीकडे पाहिले. शेजारचा कप्पा रिकामा होता. तरी त्याने आवाज खाली आणला.

"आपल्याच घरात म्हनतात. तुझ्या आज्यानं सख्ख्या भावाला सांगितल्या नाय. घोळीचे दोन महिने त्या खडपावर आपलं घर चालतं. तुझं कालेज पन."

रिचेलचे तोंड उतरले.

"ह्ये कोन कोन बगतं?" त्याने विचारले.

"कुणीही."

"अर्नाळ्यातले होडीवाले पन?"

"अमेरिकेतलेसुद्धा, पप्पा."

"अमेरिकेच्या होड्या हितं येत नाय."

ती त्याच्या खांद्यावरून वाकली. वाक्ये निवडली, पुसली, पान जतन केले. "गेलं बघा."

सेबॅस्टियनने श्वास सोडला. तेवढ्यात रिचेलला आठवले. तिने वरच्या कोपऱ्यातल्या 'इतिहास' या शब्दावर टिचकी मारली. पुसण्याआधीचे पान उघडले. मनोरा, माड, खिंड, बुरूज. सगळे होते. खाली लिहिणाऱ्यांत तिचे नाव.

"ह्ये काय?"

"जुनं पान. लिहिलेलं सगळं ठेवतात. कुणी नासधूस केली तर परत आणता यावं म्हणून."

"म्हंजे पुसलं नाय."

"वरून पुसलं."

"काय अडलं काय?" विघ्नेश उठू लागला.

"काय नाय!" सेबॅस्टियन जोरात म्हणाला. त्याचा पंजा पडद्यावर पसरला होता. "तू बस."

"दहा मिनिटं राहिली, काका."

सेबॅस्टियन उठू पाहत होता, पण अरुंद कप्प्यात खुर्ची मागे सरकत नव्हती. रिचेल त्याच्या कानाशी कुजबुजली, "हा कोश चालवणाऱ्यांना लिहिलं तर कायमचं काढतात. पण कारण द्यावं लागतं. ते सगळ्यांसमोर. कारण वाचलं की कळणारच, खुणा खऱ्या आहेत."

त्याने पंजा जरासा उचलला. खुणांच्या शेवटी कंसात दोन बारीक शब्द होते. गुरुवारी कुणीतरी घातलेले.

"संदर्भ हवा," त्याने वाचले. "म्हंजे?"

"हे खरं कशावरून, असं विचारतायत."

सेबॅस्टियनने त्या दोन शब्दांवर बोट टेकवले.

"मंग सांग त्याला. खोटं हाय म्हनून."

"पप्पा, तिथं खोटं लिहायचं नसतं."

"खरं लिवून झालं ना?"

तिने अशा शंकांना उत्तरे देण्याचे, चर्चेचे पान उघडले. महिनाभर ज्या शुद्धलेखनाची धास्ती होती, ते आता एकाही ठिकाणी चुकले नाही. 'त्या खुणा मी मनाने रचल्या होत्या. तसे कुठलेही खडप नाही. क्षमस्व.'

"दाबू?"

"दाब."

वाक्यापुढे तिचे नाव उमटले. १७ नोव्हेंबर २००७. वेळसुद्धा.

"ह्ये पन ऱ्हानार?" सेबॅस्टियनने विचारले.

"हो."

"कायमचं?"

"हो."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. दोघे बाहेर आली. रस्त्यापलीकडे चर्चचा उजवा मनोरा उन्हात उभा होता. चपला घालता घालता सेबॅस्टियनने सवयीने वर पाहिले. मग कुणी आपली नजर कुठे जाते ते बघत असावे, तशी त्याने मान खाली घातली.