होडीतला बर्फ

मंजुळाची होडी चिंचणीच्या किनाऱ्याला लागली तशी शेजारची चंद्रकांता धावत आली. "माजा रामा पडला गो! गुडगा फुगत चाललाय."

मंजुळा चरकली. चंद्रकांताचा भाऊ असाच गेला होता. लागलं की त्याचं रक्त आतल्या आत साचत राहायचं, गोठायचंच नाही. तोच आजार आता चंद्रकांताच्या पोटच्या पोरात उतरला होता. मुंबईच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गुडघा बर्फात ठेवायला हवा. पण वीज शेजारी तारापूरला बनत असली तरी चिंचणीत सकाळपासून नव्हती, आणि बर्फाचा कारखाना बंद होता. बर्फ होता तो होडीत, पापलेटांवर पसरलेला.

"समदा ने," मंजुळा म्हणाली.

"आन् तुजी मासली?"

"ती मेलेलीच हाय. पोर जितं हाय."

दुसऱ्या दिवशी ती बाजारात बसली खरी, पण मऊ पडलेल्या पापलेटांकडे तिला स्वतःलाच बघवेना. पहिल्या आल्या त्या शाळेतल्या सावेबाई. मासा ताजा आहे का हे कळायला कल्ला उचलून आत लाल आहे की नाही हे बघितल्याशिवाय या बाईंनी जन्मात कधी मासा घेतला नव्हता.

"बाई, आज माल बरा नाय," मंजुळा ओशाळून म्हणाली.

"रामा कसा आहे?"

"सूज उतरतेय म्हनं. निरोप आला."

बाईंनी दोन पापलेटं उचलून पिशवीत टाकली. त्यांच्या मागे बायका खोळंबल्या होत्या. त्या दिवशी एकीनेही कल्ला उचलून पाहिला नाही.