फुगीर दोरा

थोरलीने झालर खिडकीच्या उजेडात धरली. शिफॉनच्या कडेवर टाके बसले होते, पण टाक्यांमधून कापडाची बारीक कुसं बाहेर डोकावत होती.

"राजकन्येच्या झग्याला दाढी आलीय," ती म्हणाली.

झगे न्यायला आलेल्या नाचाच्या क्लासच्या बाई हसल्या. कड शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसलेली धाकटी जाऊ हसली नाही. सकाळपासून ती हीच कड घालत होती. बिघडली की कापायची, पुन्हा घालायची. कापून कापून झालर अंगठाभर आखूड झाली होती. आता आणखी कापायला कापड उरलं नव्हतं.

"काही जणींच्या हातात नसतंच ते," थोरली बाईंना म्हणाली. "महिना झाला, शिकवतेय. तुम्ही संध्याकाळी या. मी स्वतः बसते."

बाईंना सोडायला ती पायरीपर्यंत गेली आणि तिथेच बोलत उभी राहिली. उठताना तिने आपल्या मशीनवर नेहमीसारखं फडकं टाकलं होतं. धूळ बसते, असं ती सांगायची.

धाकटीचे कान गरम झाले होते. सांगितलेलं सगळं तिने केलं होतं. डावी सुई काढली होती, टाका बारीक ठेवला होता, दोऱ्यांचा ताण घट्ट केला होता, मग अजून घट्ट केला होता. आपलं चुकतंय कुठे, हे बघायला ती उठली आणि थोरलीच्या मशीनवरचं फडकं तिने उचललं. डावी सुई तिथेही काढलेलीच होती. टाक्याचा आकडाही तोच. तिने वरच्या लूपरच्या, म्हणजे कडेला वेढा घालणाऱ्या आकड्याच्या, दोऱ्याला बोट लावलं.

हा दोरा वेगळा होता. तिच्या दोऱ्यासारखाच पांढरा, पण पिंजल्यासारखा फुगीर, मऊ. ओढला की रबरासारखा लांबत होता, सोडला की पुन्हा आखडून फुगत होता.

तिने खालचा खण उघडला. खण त्याच दोऱ्याच्या कोनांनी, मोठ्या रिळांनी, भरला होता. काहींची प्लास्टिकची वेष्टणंही निघाली नव्हती.

तिने एक कोन उचलला, आपल्या मशीनच्या वरच्या लूपरचा साधा दोरा तोडला, त्याच्या टोकाला नव्याची गाठ मारली आणि चिमट्याने हळूहळू ओढून घेतला. मग झालर न कापता जुन्या टाक्यांवरूनच लावली आणि पाय दाबला. दोरा कडेवर फुगून बसला. एकही कूस दिसेना.

मशीनचा आवाज ऐकून थोरली आत आली.

"कुठला दोरा लावलास?"

"तुमचाच."

"माझ्या खणाला हात लावायला कुणी सांगितलं?"

"महिनाभर तुम्ही मला साधा दोरा दिलात," धाकटी म्हणाली. आवाज चढू नये म्हणून ती एकेक शब्द तोलून बोलत होती. "आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलात, हिच्या हातात नाही म्हणून. जेवताना सासूबाईंसमोरसुद्धा. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं, ताई."

थोरलीने दार लोटलं.

"समोरचं दुकान दिसतं ना? त्या पोरीला सुईत दोरा ओवण्यापासून मी शिकवलं. याच खोलीत. हातचं काही राखून ठेवलं नाही. माझी निम्मी गिऱ्हाइकं घेऊन तिने रस्ता ओलांडला."

"मी ती नाही. मी घरातली आहे."

"तीही मला ताईच म्हणायची."

धाकटी उभी राहिली. खुर्ची मागे सरकून भिंतीवर आपटली.

"मग सांगायचं होतं तोंडावर, शिकवणार नाही म्हणून. मी जन्मभर काज-बटणं केली असती. तुम्ही शिकवलं नाहीत, त्याचा राग नाही मला. पण तुम्ही मला नालायक ठरवलंत. चारचौघांत. रोज."

थोरली पुढे झाली आणि मशीनवरची झालर तिने हातात घेतली. नखाने कड ओढून पाहिली. कड सुटली नाही. मग तिने कडेवरून बोट फिरवलं, आणि एका ठिकाणी बोट थांबलं. तिथे कापड जरासं चुणलं होतं.

"वरचा ताण सैल कर," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "हा दोरा मुळातच आखडतो. सैल सोडला की चुण्या पडत नाहीत."

धाकटी सावकाश खाली बसली. महिनाभर तिने एकच ऐकलं होतं. घट्ट कर, अजून घट्ट कर. तिची बोटं चक्रावर गेली आणि तिथेच थांबली. तिने मान वर करून थोरलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हे तरी खरं सांगतेय का, ते त्यावरून कळत नव्हतं.

"सांगतेय ना. कर सैल."

धाकटीने चक्र फिरवलं. मग तिने झालर उचलून बाजूला ठेवली. खाली वाकून कात्रणांतला एक तुकडा शोधला, मांडीवर ठेवून हाताने सपाट केला आणि आधी तो सुईखाली घातला. अगदी सावकाश, थोरलीला नीट दिसेल असा.