खिडकीतलं लुगडं

बाळंतिणीच्या बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवून रुखमाबाईनं खिडकीच्या फटीत आपलं जुनं लुगडं कोंबलं. “आई, डोकं जड झालं. खिडकी उघडा ना थोडी,” सून म्हणाली. “वारा लागंन तुले,” म्हणत रुखमाबाई रडतं बाळ घेऊन अंगणात गेली. घटकाभरानं परतली तेव्हा सुनेचा श्वास थांबला होता. गाल मात्र गुलाबी होते. “हा रंग कोंडलेल्या धुराचा,” शवविच्छेदनानंतर डॉक्टर रुखमाबाईला म्हणाले. “खिडकी बंद होती काय?” “उघडीच होती जी.” लुगडं तिनं आधीच काढून बाळाच्या कपड्यांत दडवलं होतं. माती झाल्यावर विहीणबाईनं बाळाला न्हाऊ घातलं आणि नरम म्हणून कपड्यांतलं तेच लुगडं गुंडाळून रुखमाबाईच्या मांडीवर ठेवलं. “माह्या लेकीले तुमीच जपलं, बाई. याले बी तुमीच पाहा.” रुखमाबाईनं मान खाली घातली. न्हालेल्या बाळाला धुराचा वास येत होता.