एमूच्या पावलांच्या उशा

पोलीस ठाण्यातल्या कोचावर माझ्या धाकट्या भावाच्या उशा होत्या. म्हणजे अभ्र्यांवर छापलेलं चित्र त्याचं होतं, पाणवठ्याकडे निघालेल्या एमूच्या पावलांचं. त्या चित्रातली कथा आमच्या आजोबांची. ते गेले तेव्हा आम्हा इथल्या मूळ रहिवाशांच्या रीतीप्रमाणे आईने त्यांची सगळी चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवली. पुढे वडीलधाऱ्यांना विचारून भाऊ ती कथा रंगवायला लागला.

गाडीचा मागचा दिवा बंद होता, एवढ्यासाठी काल त्याला धरून आणलं होतं.

"मुद्दाम मागवल्यात," गोरा साहेब उशांकडे बोट दाखवून म्हणाला. "तुम्हा लोकांना इथे परकं वाटू नये ना."

"वा! उशी माझ्या पोराची, आणि पोर तुमच्या फरशीवर," आई म्हणाली. "सोडा की आता त्याला."

"झोपलाय तो. बसा, मोठे साहेब येतायत." एवढं बोलून तो आत गेला, तो गेलाच.

आईच्या मांडीवर निखाऱ्यात भाजलेला पाव अजून गरम होता. तेवढ्यात आतून डल्सी मावशी आली. ती आईची चुलत बहीण, याच ठाण्यात हवालदार.

"डल्से, उठला का गं तो? काही खाल्लं का त्याने?"





मावशीने कोचापाशी येऊन एकेक करून सगळ्या उशा चित्र खाली करून पालथ्या घातल्या.