आधी पडसाद

संत्र्याच्या बागेत, विहिरीच्या काठाशी बसून हिमानी व्हिडिओ गेमसाठी एक परग्रह रचत होती. तिचे बाबा, नत्थूजी, शिडीवर चढून संत्री तोडत होते.

“काय करून राहिली वं?”

“या ग्रहावर आधी पडसाद येते बाबा, मंग आवाज. एका जागी जरी नियम चुकला, तर खेळणाऱ्याचा विश्वास उडते.”

“म्हणजे मी हाक माराच्या आधीच तू ओ देशीन? इथं तर दहा हाका माराव्या लागते!”

हिमानीला हसू फुटलं. पण ते आधी विहिरीतून ऐकू आलं, मग तिच्या ओठांवर.

बाबा वरच्या फांदीकडे वाकले. ऊन पानापानांवर निजलं होतं.

विहिरीतून हिमानीची किंकाळी आली, “बाबा, शिडी!”

तिने अजून तोंडही उघडलं नव्हतं.